वणव्यात माणूस होरपळला तर

लोणखेडा हे शहाद्याला लागून असलेले गोमाई नदीकाठचे गाव. इथली जमीन सपाट आणि काळी. ऊस, केळी, पपई, कापूस ही इथली पिके. गावाच्या शिवारात जंगल नाही. पण उत्तरेला सातपुड्याची रांग उभी आहे, आणि फाल्गुन लागला की त्या रांगेत कुठे ना कुठे वणवा पेटतो. त्या आगीत कुणी भाजले, धुराने कुणाचा श्वास कोंडला, तर त्याला उपचारासाठी याच सपाटीवर आणावे लागते. आधी म्हसावद, मग शहादा, आणि दुखापत गंभीर असेल तर प्रकाशाजवळ तापी ओलांडून नंदुरबार. वणवा डोंगरात लागतो आणि त्याचा रुग्ण सपाटीवर येतो. म्हणून या प्रश्नाकडे वनखात्याच्या बरोबरीने आरोग्यखात्यानेही पाहायला हवे.

वणव्याची चर्चा आपल्याकडे किती हेक्टर जंगल जळाले, किती झाडे गेली, किती पाखरे-जनावरे होरपळली या हिशेबात होते. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. पण आग विझवायला गेलेला वनमजूर, महू वेचायला गेलेली बाई, पाड्यावर धुरात झोपलेले लेकरू यांना काही झाले तर पुढच्या दोन तासांत नेमके काय घडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वणव्यातली वैद्यकीय मदत नंतर पोहोचवण्याची गोष्ट नाही, ती माणसांबरोबर जंगलात जायला हवी, हे या आढाव्यातून मला मांडायचे आहे. सातपुड्यासारख्या मुलुखात अंतरच इतके आहे की मागून निघालेली मदत बहुधा उशिराच पोहोचते.

आग कुठून येते

सातपुड्यातले जंगल पानगळीचे आहे. साग, सालई, धावडा, टेंभुर्णी, महू. माघापासून पाने झडू लागतात आणि चैत्रापर्यंत जमिनीवर वाळक्या पाल्याचा जाड थर साचतो. भारतातली बहुतेक वनआग जमिनीवरचा हा पाला आणि वाळके गवत धरून सरकते. कॅलिफोर्नियात दिसतो तसा झाडांच्या शेंड्यांवरून धावणारा डोंब इथे सहसा उसळत नाही. त्यामुळे आपला वणवा तुलनेने सौम्य वाटतो आणि माणसे हातात ओला झापा घेऊन त्याच्या जवळ जातात. धोका तिथेच आहे. चढावर आगीचा वेग झपाट्याने वाढतो. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा वनआगीच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. वाऱ्याने दिशा बदलली तर गुडघाभर ज्वाळांची रेघ काही क्षणांत डोक्याएवढी होते. घळीत किंवा डोंगरउतारावर वरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पळायला वाट उरत नाही.

आगीची बहुतेक कारणे माणसाशी जोडलेली आहेत. महू वेचताना फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. टेंभुर्णीला कोवळी पाने फुटावीत, गुरांना नवे गवत मिळावे, शेताचा बांध साफ व्हावा म्हणूनही आग लावली जाते, आणि ती हाताबाहेर जाते. कधी विडीचे थोटूक पुरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. पण महू हे इथल्या घराघरातले अन्न आहे आणि हातात येणारा पैसाही. त्यामुळे नुसत्या धाकाने हा प्रश्न सुटत नाही. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून फुले गोळा केली तर पाला जाळायची गरजच राहत नाही. ज्याला आग लावण्याचे कारण उरले नाही तो भाजण्याचीही शक्यता कमी, म्हणून ही जाळी आरोग्याच्या दृष्टीनेही पहिला उपाय ठरते.

आगीची खबर मिळण्याची व्यवस्था मात्र गेल्या वीस वर्षांत खूप सुधारली आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने जंगलातल्या आगी टिपते. आधी एक किलोमीटरच्या चौकोनात आग दिसत असे. पुढे आलेल्या उपग्रह-यंत्रणेमुळे हा चौकोन ३७५ मीटरपर्यंत आला. इशारा मोबाईलवर संदेशाने येतो आणि नाव नोंदवणाऱ्या कोणालाही तो मिळू शकतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक क्षेत्र वारंवार आगी लागण्याच्या धोक्यात आहे. महाराष्ट्र वनखात्याची १९२६ क्रमांकाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाईनही आहे. आगीची वर्दी देण्याची सोय अशी उभी राहिली. आगीत सापडलेल्या माणसाची सोय तिच्या बरोबरीने उभी राहिली पाहिजे.

तीन घटना

महाराष्ट्रातले सर्वांत दुःखद उदाहरण नागझिऱ्याचे. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझवण्याचे काम चालू होते. वाऱ्याने आग पुन्हा भडकली आणि कामावरची माणसे तिच्या वेढ्यात सापडली. तीन हंगामी वनमजूर जागीच गेले, दोघे गंभीर भाजले. ही माणसे हंगामापुरती रोजंदारीवर घेतलेली, बहुधा जंगलालगतच्या गावांतली. वणवा विझवण्याच्या साखळीत आगीच्या सर्वांत जवळ तीच असतात. प्रशिक्षण, साधने आणि विमा यांच्या यादीत मात्र त्यांचे नाव सर्वांत शेवटी येते.

तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणी डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी पदभ्रमणाला गेलेला गट वणव्यात अडकला. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा नऊ होता. पुढच्या काही आठवड्यांत रुग्णालयांमध्ये एकेक जखमी दगावत गेला आणि हा आकडा वीसच्या वर गेला. अंधारात, चढ-उताराच्या मुलुखात जखमींना खांद्यावरून आणि झोळीतून उतरवावे लागले होते. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही घटना फार महत्त्वाचे सांगते. आगीतून जिवंत बाहेर आलेला माणूस वाचला असे धरून चालत नाही. त्याची खरी लढाई पुढे असते, आणि पहिल्या काही तासांत त्याला काय मिळाले यावर ती बरीचशी ठरते.

उत्तराखंडच्या अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी आग विझवायला गेलेले वनखात्याचे चार जण मृत्युमुखी पडले. होरपळलेल्या चौघांना पुढे विमानाने दिल्लीच्या एम्समध्ये हलवावे लागले, कारण गंभीर भाजलेल्यांसाठी लागणारा सुसज्ज विभाग जवळपास नव्हता.

तिन्ही ठिकाणी भूगोल वेगळा, राज्य वेगळे. साम्य एवढेच की जखमी होणाऱ्यांत आग विझवणारा किंवा जंगलात पायी गेलेला माणूस होता, जागा गाडीरस्त्यापासून दूर होती आणि चांगला जळीत विभाग आणखी दूर होता. सातपुड्यात या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत.

शरीराला काय होते

वणव्यातल्या रुग्णाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की भाजलेली कातडी दिसते. प्रत्यक्षात वैद्यकीय पथकाला चार-पाच तऱ्हेचे रुग्ण भेटतात आणि प्रत्येकाचा उपचारक्रम निराळा असतो.

पहिला भाजलेला. भाजल्यावर पहिले काम वाहत्या साध्या पाण्याने वीस मिनिटे गार करण्याचे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा फायदा होतो. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, चिखल यांपैकी काहीही नको, कारण त्याने जखम दूषित होते आणि डॉक्टरांना तिची खोलीही कळत नाही. मग स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकायचे. अंगठ्या, कडी, पैंजण सूज चढण्याआधी काढायचे. किती भाजले याचा अंदाज घेण्याची सोपी रीत म्हणजे रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का असतो. प्रौढाच्या अंगाचा पंधरा-वीस टक्के आणि मुलाच्या अंगाचा दहा टक्के भाग भाजला असेल तर शिरेतून सलाईन लागते. भाजलेल्या कातडीखालच्या रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून जाते आणि रक्तदाब कोसळतो. किती सलाईन द्यायचे याचे जगभर वापरले जाणारे सूत्र वजन आणि भाजलेला टक्का यांवर बसवलेले आहे आणि त्यातला निम्मा भाग पहिल्या आठ तासांत द्यायचा असतो. हे आठ तास दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून मोजतात. झोळीतून उतरायला चार तास लागले, तर त्यातला निम्मा वेळ वाटेतच गेला. रुग्ण शुद्धीवर असेल आणि उलट्या नसतील तर वाटेत घोटघोट ओआरएस पाजणे हा अशा मुलुखातला मोठा आधार आहे.

दुसरा धुराने गुदमरलेला. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा, चेहरा भाजलेला, ही लक्षणे दिसली की श्वासनलिकेला आतून सूज येणार हे गृहीत धरायचे. बोलणारा रुग्ण तासाभरात बोलेनासा होऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर हा फरक ओळखत नाही. रुग्णाला विषबाधा झालेली असूनही तो ९८ दाखवू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत आकड्यावर विसंबून थांबायचे नसते. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला पाच तासांहून अधिक लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर तोच काळ साधारण ऐंशी मिनिटांवर येतो. धुराने गुदमरलेल्याचे पहिले औषध ऑक्सिजन आहे.

तिसरा उष्माघाताचा. एप्रिलच्या उन्हात, आगीच्या झळांपुढे तासन्‌तास राबणारा माणूस बडबडू लागला, अडखळू लागला, अंग तापून बेशुद्ध झाला तर त्याला आधी गार करायचे आणि मग हलवायचे. कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून, वारा घालून तापमान उतरवण्यात गेलेली पंधरा-वीस मिनिटे वाया जात नाहीत. तोच उपचार असतो. धुराच्या रुग्णाला ऑक्सिजन लावून ताबडतोब निघायचे, उष्माघाताच्या रुग्णाला गार करून निघायचे. हा फरक जागेवरच्या माणसाला ठाऊक असेल तरच उपयोग.

याखेरीज अंधारात घसरून पडणे, जळके झाड अंगावर येणे, धुराने उठलेल्या आग्या मोहोळाचा हल्ला, बिळातून बाहेर पडलेल्या सापाचा दंश हेही वणव्याचेच अपघात आहेत. मधमाश्यांच्या डंखाने घसा सुजून श्वास अडला तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन काही मिनिटांत लागते. ते म्हसावदच्या कपाटात असून डोंगरातल्या माणसाला उपयोगी पडत नाही.

झोळी, मोटार आणि ऑक्सिजनचे गणित

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या; त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या साधनांनी सज्ज आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक स्वरूपाच्या. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे मोठे वैशिष्ट्य. अपघातात आणि बाळंतपणात तिने असंख्य जीव वाचवले आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

पण गाडी रस्त्यावर चालते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत डोंगरांच्या कुशीत विखुरलेले पाडे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी शेवटचा टप्पा पायवाटेचा आहे. तिथे आजही रुग्ण बांबूला बांधलेल्या झोळीतून येतो. चार माणसे खांदा देतात, चार बदली चालतात. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आला तो याच कारणाने. सरदार सरोवराच्या फुगवट्याने तिथला रस्ता म्हणजे पाणी झाले होते. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेली मोटारसायकल रुग्णवाहिका पुढे मेळघाट-पालघरसारख्या आदिवासी भागांत गेली, तीही अरुंद वाटांमुळेच. मुलुखाप्रमाणे वाहन बदलायचे हे शहाणपण आपल्याकडे आहे. ते वणव्याच्या हंगामालाही लावायला हवे.

एक साधा हिशेब करू. तोरणमाळचे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर. तिथून घाट उतरून शहाद्याला पन्नासेक किलोमीटर, शहाद्याहून नंदुरबारला आणखी चाळीसेक. गाडीत दीड हजार लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर आहे असे धरू. गुदमरलेल्या रुग्णाला मिनिटाला १५ लिटर दिले तर तो सिलिंडर शंभर मिनिटांत संपतो. घाट, वळणे, रात्र धरली तर नंदुरबार येण्याआधीच तो रिकामा होण्याची भीती आहे. रुग्ण दोन असतील तर वेळ निम्मा. जादा सिलिंडर कुठे बदलायचा, शहाद्यात की म्हसावदला, हे गाडी निघण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. करोनाच्या काळात २०२०-२१ मध्ये नंदुरबार जिल्ह्याने स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभारले. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराची देशभर दखल घेतली गेली. मोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना या दुर्गम जिल्ह्याकडे प्राणवायू होता. आधी केलेली तयारी काय करू शकते याचा धडा बाहेरून आणायची गरज नाही, तो इथेच आहे.

रुग्णवाहिकेच्या माणसांसाठीही वणव्याचे काही नियम आहेत. गाडी आगीत न्यायची नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, परतीच्या दिशेने तोंड करून उभी करायची. आधीच जळून गेलेला, थंड झालेला पट्टा हा सर्वांत सुरक्षित तळ असतो, कारण तिथे जळण्यासारखे काही उरलेले नसते. ऑक्सिजनचे सिलिंडर ठिणग्यांपासून दूर. आणि जंगलात किती जण गेले, किती परतले याची नोंद एकाच माणसाकडे.

जगाने काय शिकून घेतले

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या जंगलात २००८ च्या जुलैत वणवा विझवताना एका अठरा वर्षांच्या तरुणावर झाडाचा भाग कोसळला. धूर, अवघड जागा आणि निरोपांचा गोंधळ यांत त्याला रुग्णालयात पोहोचवायला तीन तासांच्या आसपास गेले. रक्तस्राव होत राहिला आणि तो वाचला नाही. त्यानंतर तिथल्या वनआग दलांनी एक पद्धत अंगवळणी पाडली. माणसांना जंगलात पाठवण्याआधी प्रमुखाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची: कुणी जखमी झाले तर आपण काय करणार? त्याला इथून बाहेर कसे काढणार? रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल? उत्तरे समाधानकारक नसतील तर कामाची पद्धत किंवा जागा बदलायची. या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. सातपुड्यातल्या कोणत्याही बीटवर, कोणत्याही वनपालाला ते उद्या सकाळी विचारता येतील.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यानंतरच्या पाहणीत वैद्यकीय क्षेत्राला जागे करणारी गोष्ट पुढे आली. पहिल्या तीन दिवसांत रुग्णालयांत आलेले वणव्याशी संबंधित रुग्ण ४१४ होते आणि त्यांतले जळीत केंद्रांत दाखल झालेले फक्त २२. भयंकर आगीत माणूस एक तर निसटतो, नाही तर जागीच जातो; मधले गंभीर भाजलेले थोडे असतात. पण या थोड्यांवर शस्त्रक्रियागृहाचे कितीतरी तास खर्ची पडतात. बाकीचे शेकडो रुग्ण धूर, दमा, डोळे, किरकोळ भाजणे आणि धक्का यांचे असतात. याचा अर्थ तयारी दोन पातळ्यांवर लागते. थोड्या गंभीरांसाठी दूरच्या सुसज्ज केंद्राशी आधीच बांधलेला दुवा, आणि पुष्कळ साध्या रुग्णांसाठी गावाजवळचा सज्ज दवाखाना.

कॅलिफोर्नियातले पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी काही तासांत जळून गेले. ८५ माणसे गेली. तिथले रुग्णालयच आगीच्या वाटेत आले आणि कर्मचाऱ्यांना रुग्ण मिळेल त्या गाड्यांतून बाहेर काढावे लागले. त्याआधी २०१६ च्या मे महिन्यात कॅनडातल्या फोर्ट मॅकमरे शहरातले रुग्णालयही असेच रिकामे करावे लागले होते. आपल्या जंगलकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांभोवती आणि आश्रमशाळांभोवती पाला-गवत साफ करून पट्टा मोकळा ठेवणे हे या घटनांवरून शिकायचे अगदी स्वस्त काम आहे. वनखाते जंगलात जाळरेषा काढते. तशीच एक रेषा दवाखान्याभोवती हवी.

ज्यांची नोंद होत नाही ते रुग्ण

ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांत थेट आगीने ३३ माणसे गेली. पण संशोधकांच्या अंदाजानुसार धुरामुळे झालेले जादा मृत्यू ४१७ होते, आणि हृदय-श्वसनाच्या विकारांनी तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात शिरतात. दम्याचा झटका, हृदयविकाराचा झटका, मुलांना न्यूमोनिया, गरोदर बाईला त्रास हे सारे आगीपासून मैलोन्‌मैल दूर घडते. त्यांच्या केसपेपरवर वणवा हा शब्द लिहिला जात नाही आणि म्हणून वणव्याच्या हिशेबात ते कधी येतच नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथली ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात प्राणवायू कमी पडला किंवा पाणी आटले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. धूर, ऊन आणि तहान या तिन्ही गोष्टी वणव्यात एकत्र येतात. एवढेच नव्हे, ज्याला स्वतःला काही त्रास नाही असा सिकलसेलचा वाहकही प्रखर उन्हात अतिश्रम केल्यावर एकाएकी कोसळू शकतो, हे सैनिकांच्या आणि खेळाडूंच्या अनुभवातून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. वणवा विझवणारा तरुण याच कसोटीतून जातो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून तपासणीची कार्डे वाटली जात आहेत. हंगामी वनमजूर घेताना त्याचे कार्ड पाहायचे ते त्याला काम नाकारण्यासाठी नव्हे. त्याला पाणी जास्त, विसावा जास्त आणि पाळी छोटी मिळावी, यासाठी. कार्डामुळे कुणाची रोजी बुडाली तर पुढच्या वर्षी कुणी कार्ड दाखवणार नाही, हे लक्षात ठेवूनच हे काम करावे लागेल.

काय करता येईल

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी योजना नको, असलेल्या माणसांची सांगड हवी. वनरक्षक आहे, आशा आहे, आरोग्यसेविका आहे, पोलीस पाटील आहे, नवसंजीवनी योजनेतले भरारी पथक आहे, १०८ आहे. प्रत्येकाला आपापले काम ठाऊक आहे. वणव्याच्या दिवशी दुसऱ्याचे काम कुठे सुरू होते हे मात्र ठरलेले असायला हवे.

पहिले, इशारा. उपग्रहाचा संदेश वनरक्षकाला जातो तसा त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही जावा. १९२६ वर आगीची मोठी वर्दी आली की १०८ च्या जवळच्या गाडीला सावध करावे, रुग्ण असो वा नसो. उपग्रह ठरावीक वेळांनाच वरून जातो. त्यामुळे गावातून आलेला फोन कित्येकदा त्याच्याही आधी येईल. जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे वनखात्याचा बिनतारी संच हाच दुवा, म्हणून आरोग्याचा निरोपही त्यावरून जाण्याची मुभा लेखी असावी.

दुसरे, पथकाबरोबरची पेटी. आग विझवायला निघालेल्या प्रत्येक तुकडीकडे ओआरएस, स्वच्छ सुती चादर, रक्तस्राव थांबवायचा पट्टा, पिण्याचे आणि जखम गार करायचे वेगळे पाणी, आणि घडीचे स्ट्रेचर हवे. चैत्रात ओढे आटलेले असतात. वीस मिनिटे जखम गार करायला लागणारे पाणी पाठीवर नेले तरच मिळेल. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, कारण नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. नाकाला बांधलेला ओला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड तोही अडवत नाही. म्हणून दाट धुरातून मागे फिरण्याचा हक्क प्रत्येक मजुराला असला पाहिजे आणि तो वापरला म्हणून त्याची हजेरी कापली जाऊ नये.

तिसरे, शिक्षण. पाच-सहा गोष्टी पाठ असल्या तरी पुष्कळ जीव वाचतील: भाजल्यावर पाणी, धुराला ऑक्सिजन, उष्म्याला आधी गारवा, अंगठ्या काढणे, घरगुती लेप टाळणे, झोळीतल्या रुग्णाची मान सरळ ठेवणे. हे मराठीतल्या पत्रकावर छापून भागणार नाही. ते भिली आणि पावरीतून, करून दाखवून शिकवायला हवे. शहादा-लोणखेडा परिसरात महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतली कितीतरी मुले-मुली याच पाड्यांवरून शिकायला आलेली आहेत. घरच्या भाषेत घरच्यांना सांगणारा यांच्याइतका चांगला शिक्षक दुसरा मिळायचा नाही.

चौथे, वरचा दुवा. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला आहे. गंभीर भाजलेल्याला कुठे न्यायचे, फोन कुणाला करायचा, रात्री भूलतज्ज्ञ कुठे मिळेल, सुरत किंवा मुंबईला हलवायचे झाले तर कोण ठरवणार, ही यादी जानेवारीत तयार व्हावी. अशी यादी नसली की रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी पहिले आठ तास संपत जातात.

आणि पाचवे, नोंद. वणव्यात जखमी झालेला, धुराने दवाखान्यात आलेला, उष्माघाताने कोसळलेला प्रत्येक रुग्ण वणव्याचा रुग्ण म्हणून लिहिला गेला पाहिजे. किती हेक्टर जळाले हे आपण मोजतो म्हणून जाळरेषांना पैसे मंजूर होतात. माणसे मोजली तर त्यांच्यासाठीही होतील.

सातपुड्यातला आगीचा हंगाम दरवर्षी फेब्रुवारीत येतो आणि जूनच्या पावसापर्यंत राहतो. तो अचानक येत नाही. म्हणून तयारीला वेळ मिळाला नाही असे म्हणायची सोय कुणालाच नाही. मकरसंक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात वनखाते, आरोग्यखाते, १०८ आणि ग्रामसभा यांनी एका दिवसासाठी एकत्र बसावे, एखाद्या पाड्यावरून खरोखर झोळी उचलून गाडीपर्यंत आणून पाहावी आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजावा. त्या तीन प्रश्नांतल्या तिसऱ्याचे खरे उत्तर त्या दिवशी मिळेल. ते उत्तर कितीही अस्वस्थ करणारे निघाले, तरी हंगाम सुरू होण्याआधी मिळाले तर त्यावर काम करता येते. जंगल वाचवायला आपण ज्यांना पुढे पाठवतो त्यांना जिवंत परत आणण्याची योजना आधी तयार ठेवणे, हे आपले त्यांच्याप्रती साधे कर्तव्य आहे.